दोन गल्ल्यांचा परदेश

“तुमचा देश मोठा गोड आहे हो मास्तर,” सार्जंट दोरिवाल फागुंदेस म्हणाले, “पण आमच्या एका राज्यात घडी घालून ठेवला, तरी वर जागा उरेल.”

हे ते बोलले एल्बियो मास्तरांच्या अंगणात, मास्तरांच्या खुर्चीत बसून, मास्तरांनी सकाळपासून निखाऱ्यांशी झटून भाजलेली बरगडी हातात धरून. मास्तरांचा चिमटा हवेतच थांबला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. पण हा गृहस्थ वासे मोजून, वर ते आपल्या घरच्या वाशांपेक्षा आखूड आहेत असं यजमानालाच सांगत होता.

एल्बियो तेचेरा यांनी रिव्हेराच्या शाळेत हयातभर भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर वर्ग गेला, पण भूगोल अंगात राहिला, आणि तो बाहेर काढायला त्यांना होणारे व्याही मिळाले. व्याही ब्राझीलच्या घोडदळातून निवृत्त झालेले, राहायला पलीकडे लिव्रामेन्तोत. पलीकडे म्हणजे रस्त्यापलीकडे. आमच्या गावात देश बदलायला एक रस्ता ओलांडावा लागतो, तोही गाड्या बघून. या फुटपाथवर उरुग्वे, त्या फुटपाथवर ब्राझील, मध्ये कुंपण नाही की शिपाई नाही. आमची कुत्रीदेखील सकाळी एका देशात उठतात आणि दुपारी दुसऱ्या देशात झोपतात, आणि त्यांचं काही अडत नाही. अडतं ते मास्तर आणि सार्जंट यांच्यासारख्या माणसांचं.

“आकाराचं काय कौतुक सांगता?” मास्तर म्हणाले. “हत्ती मोठा म्हणून त्याला कुणी हिशोबाला बसवत नाही. माणशी उत्पन्न काढा. आमचा माणूस तुमच्या माणसापेक्षा जास्त कमावतो.”

“म्हणूनच तो दर शनिवारी आमच्या दुकानात रांग लावतो.”

“तो कमावतो म्हणून खर्च करतो. तुमच्याकडे एकाची सात घरं आणि सातजणांना मिळून एक घर नाही. याला काय मोठी अर्थव्यवस्था म्हणायची? आमच्याकडे निवडणूक झाली की हरलेला जिंकलेल्याला फोन करून अभिनंदन करतो.”

“त्याला वेळ असतो. दुसरं काम काय असतं?” सार्जंटनी बरगडी चघळली. “आणि उद्या कुणी चाल करून आलं तर? आमच्याकडे पाणबुड्या आहेत. विमानं आम्ही स्वतः बनवतो. तुमचं अख्खं सैन्य कवायतीला उभं राहिलं की घरी गाई वळायला माणूस उरत नाही.”

“आमच्यावर चाल कशाला कोण करेल? आम्ही कुणाच्या अध्यात ना मध्यात. शत्रू नसणं ही सगळ्यात मोठी संरक्षणव्यवस्था आहे, सार्जंट. ती तुमच्या पाणबुडीत मावायची नाही.”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मास्तरांची यानिना आणि सार्जंटांचा जिल्मार मुकाट्याने जेवत होते. लग्न ठरलं होतं, तारीख ठरली होती, फक्त घर ठरत नव्हतं. दोन घरं बघून झाली होती. एक रस्त्याच्या अलीकडे दोन गल्ल्यांवर, एक पलीकडे दोन गल्ल्यांवर. भाडं सारखंच, खोल्याही सारख्याच. पण अलीकडचं घेतलं तर सार्जंटांचं नाक कापलं जात होतं आणि पलीकडचं घेतलं तर मास्तरांची मुलगी परदेशी जात होती. दोन वर्षं दर रविवारी दोन्ही बाप आपापला देश टेबलावर मांडत आणि समोरच्याचा झोडपून काढत. पोरं काही बोलत नसत. बोलायला फटच मिळत नसे.

मास्तरांना खरं तर एवढंच हवं होतं, की सकाळी कामावर जाताना यानिनाने दारातून आत यावं, उभ्याउभ्या येर्बाच्या कडू चहाचे दोन घोट घ्यावेत आणि जावं. ती लहानपणापासून तसं करत आली होती. पण मायेची गोष्ट मायेनं सांगितली तर पुरुषाची शोभा जाते, अशी त्यांची समजूत होती, म्हणून ते माणशी उत्पन्न सांगत.

“बरं ते जाऊ द्या,” सार्जंट हात पुसत म्हणाले. “शेवटी काय, एकेकाळी आमचा प्रांतच होतात तुम्ही.”

मास्तरांच्या पत्नी नेल्बाबाई वाइन ओतत होत्या, त्या थांबल्या. हे वाक्य आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर बोलत नाहीत. दोनशे वर्षांपूर्वीची ती काही वर्षं मास्तर शाळेतसुद्धा एका श्वासात शिकवून मोकळे होत असत.

“नेल्बा,” मास्तर म्हणाले, “यांना पुढच्या रविवारीही जेवायला बोलाव.”

“ते येतातच की दर रविवारी.”

“या वेळी मुद्दाम बोलाव. सार्जंट, माझ्या टेबलावर पुढच्या रविवारी तुमच्या देशातली एकही वस्तू नसेल. एकही. हा देश आपल्या पायावर उभा आहे हे मी तुम्हाला जेवायला वाढून दाखवतो.”

सार्जंटांचे डोळे चमकले. “आणि एक जरी सापडली तर?”

“तर पोरं तुमच्या बाजूला राहतील.”

“आणि नाही सापडली, तर तुमच्या बाजूला. दिला शब्द.”

दोघांनी हात मिळवले. यानिनाने जिल्मारकडे पाहिलं, जिल्मारने ताटाकडे. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि ही काही नवी गोष्ट नव्हती.

सोमवारी सकाळी मास्तर बाह्या सरसावून स्वयंपाकघरात शिरले, आणि तासाभरात स्वयंपाकघर अंगणात आलं. तेल ब्राझीलचं, साबण ब्राझीलचा, कॉफी तर ब्राझीलचीच. गॅसचं सिलिंडर पलीकडचं, आणि त्यावरचं भांडंही.

“तांदूळ आपला आहे,” नेल्बाबाई म्हणाल्या.

“बघ,” मास्तर हर्षाने म्हणाले.

“पिशवी त्यांची आहे.”

मास्तरांनी पिशवी फाडली आणि तांदूळ बादलीत ओतले. मग त्यांच्या लक्षात आलं की बादली पलीकडची आहे.

“अहो, आपलं घर आजपर्यंत चाललं कशावर असं वाटतंय तुम्हाला?” नेल्बाबाईंनी कमरेवर हात ठेवले. “त्यांचा रेआल पडला की आपण तिकडे धावतो, आपला पेसो पडला की ते इकडे धावतात. सगळं गाव असंच जगतं. तुम्हीच तर दर शनिवारी पिशव्या धरायला येता.”

“मी पिशव्या धरत होतो. आत काय आहे ते बघत नव्हतो.”

मास्तरांचा संताप असा की तो कधी स्वतःवर यायचा नाही. तो मंगळवारी दुकानदारावर आला. त्यांना हवं होतं साधं खडेमीठ. मिठाशिवाय आसादो, म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेलं मांस, हे मढ्यावर घातलेलं पाणी. पण सारांदी रस्त्यावरच्या एकाही दुकानात त्यांना पलीकडचा शिक्का नसलेलं मीठ मिळेना.

“मास्तर, मीठ म्हणजे मीठ,” दुकानदार काकुळतीला आला. “समुद्राला काय देश असतो?”

“समुद्राला बारा मैलांपर्यंत देश असतो,” मास्तर कडाडले. “सहावीत शिकवलं होतं तुला.”

शेवटी नेल्बाबाईंच्या बहिणीने आपल्याच देशातल्या मिनास भागातून आणलेली ऑलिव्हची बरणी सापडली. ऑलिव्ह उरुग्वेचे, बरणी उरुग्वेची, आणि आतलं पाणी खारट. मांसाला तेच चोळायचं ठरलं.

खरी पंचाईत बुधवारी झाली. येर्बाचं पाकीट उघडताना मास्तर थबकले. पाकिटावर आपल्याच मोंतेव्हिदेओतल्या कंपनीचं नाव होतं, पण पत्ती पलीकडची. आमच्या देशात येर्बा पिकत नाही, हे त्यांनी वर्षानुवर्षं मुलांकडून पाठ करून घेतलं होतं. पण शिकवलेली गोष्ट शिक्षकालाही लागू होते, हा अनुभव त्यांना नवा होता. ज्या देशात माणूस थर्मास काखेत आणि येर्बा प्यायचा भोपळा हातात घेतल्याशिवाय दाराबाहेर पडत नाही, त्या देशाचा सगळा कणा परक्याच्या मळ्यात उगवतो, या विचाराने त्यांना घेरी आल्यासारखं झालं. ते पायरीवर बसून राहिले.

“आता येर्बाऐवजी काय देणार पाहुण्यांना?” नेल्बाबाईंनी विचारलं.

“मार्सेलाची फुलं आहेत ना वाळवलेली? माळावरची. ती आपलीच.”

“ती पोटदुखीला देतात.”

“मग चांगलंच आहे. सार्जंटांना पोटदुखी होणारच आहे.”

येर्बा सोडल्यामुळे मास्तरांचं डोकं बुधवारपासून ठणकू लागलं आणि शुक्रवारपर्यंत घरात त्यांच्याशी बोलायची सोय उरली नाही. प्लॅस्टिकच्या खुर्च्या शेजाऱ्यांकडे गेल्या. बसायला निलगिरीचे ओंडके आले. ताटांमागचा शिक्का बघून ताटं कपाटात गेली आणि मांस वाढायला लाकडी फळ्या आल्या. शनिवारी संध्याकाळी मास्तर दमून टेबलाशी बसले, आणि बसल्याबसल्या त्यांना आठवलं की हे टेबल लिव्रामेन्तोच्या सुताराने केलंय.

“आता टेबलसुद्धा?” नेल्बाबाई म्हणाल्या.

“शब्द काय दिलाय मी? माझ्या टेबलावर त्यांची वस्तू नसेल. टेबलच त्यांचं असलं तर जगात तोंड दाखवायला जागा राहील का मला?”

घरात एवढी मोठी सपाट फळी एकच होती. ती आपल्या गावच्या सुताराची होती, आपल्या लाकडाची होती आणि बिजागऱ्याही मोंतेव्हिदेओच्या होत्या. मास्तरांनी बाथरूमचं दार काढलं, चार ओंडक्यांवर आडवं ठेवलं आणि त्यावर आपल्या आईची जुनी लोकरी चादर अंथरली. नेल्बाबाईंनी पदर खोचावा तसा ॲप्रन खोचला आणि बाथरूमला एक चादर टांगली. तीही मास्तरांनी उलटून पाहिली आणि काढली.

रविवारी सार्जंट आले ते इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून, युद्धाची पाहणी करायला यावं तसे. मागे त्यांच्या पत्नी इओलांदाबाई, हातात केक.

“केक बाहेर,” मास्तर म्हणाले.

“अहो, मी स्वतः केलाय.”

“कुठल्या ओव्हनमध्ये?”

केक दाराबाहेर भिंतीवर राहिला आणि दुपारभर मुंग्यांनी खाल्ला. इओलांदाबाई ओंडक्यावर टेकल्या, जरा वेळाने उठल्या आणि नेल्बाबाईंच्या कानाशी लागल्या.

“विहीणबाई, बाथरूमला दार दिसत नाही.”

“त्यावर तुमचं जेवण वाढायचंय,” नेल्बाबाई म्हणाल्या.

इओलांदाबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे, आणि पर्स उचलून रस्ता ओलांडून आपल्या घरी गेल्या. एवढ्याशा कामाला परदेशी जाऊन त्या परत आल्या, तोवर इकडे तपासणी सुरू झाली होती.

सार्जंटांनी चष्मा पुसला, नाकावर ठेवला आणि फळ्या उलट्या करकरून पाहायला लागले. सुरीच्या मुठीवर कोरलेलं नाव वाचलं. वाइनच्या बाटलीचा तळ पाहिला. मास्तर त्यांच्यामागून हात पाठीमागे बांधून फिरत होते, परीक्षेच्या हॉलमध्ये फिरायचे तसे. फिरता फिरता त्यांची नजर सार्जंटांच्या कानामागे गेली.

“थांबा. हा चष्मा कुठला?”

“चष्मा? माझा.”

“तुमचाच हो. घेतला कुठे? सारांदीवरच्या दुकानात. आमच्या डॉक्टरने नंबर काढला आणि आमच्या दुकानदाराने काचा घातल्या. मीच होतो बरोबर. म्हणजे उरुग्वेच्या डोळ्यांनी तुम्ही उरुग्वेची झडती घेणार? काढा तो.”

“त्याचा काय संबंध?”

“जो नियम मला, तो तुम्हाला. की तुमच्या एवढ्या मोठ्या देशाला स्वतःचं बघायला स्वतःचा चष्मा मिळत नाही?”

सार्जंट लालबुंद झाले. पण सैनिक माणूस. त्यांनी चष्मा काढून टेबलावर आपटला. आता त्यांना बाटली दिसत होती, पण बाटलीवरची चिठ्ठी दिसत नव्हती. ते वाकून वास घेत पुढे सरकू लागले. मास्तरांच्या तोंडाजवळ आले आणि थांबले.

“मास्तर, हसा बघू जरा.”

“का?”

“ही कवळी कुणी बसवली तुम्हाला?”

मास्तरांनी ओठ मिटून घेतले.

“लिव्रामेन्तोच्या दातांच्या डॉक्टरने,” सार्जंट सावकाश म्हणाले. “इकडे परवडत नव्हती म्हणून. मी गाडीतून नेलं होतं, आणि येताना तुमचा जबडा धरून बसलो होतो. टेबलावर आमची वस्तू नको असेल, तर टेबलाशीही नको. की तुमच्या एवढ्या श्रीमंत देशाला स्वतःचं चावायला स्वतःचे दात मिळत नाहीत?”

“बाबा, पुरे आता,” यानिना म्हणाली. “जेवायला बसा दोघंही.”

पण मास्तर उठले, पाण्याचा ग्लास घेतला, पाठ फिरवली, आणि परत वळले तेव्हा त्यांचे गाल आत गेले होते. ग्लास त्यांनी टेबलावर न ठेवता खाली ओंडक्याशी ठेवला. एक देश आंधळा झाला होता, दुसरा बोळका, आणि दोघंही ताठ मानेने समोरासमोर बसले.

नेल्बाबाईंनी मांस वाढलं. ऑलिव्हच्या पाण्याने ते हिरवट झालं होतं. मास्तरांनी एक तुकडा तोंडात घातला, इकडून तिकडे फिरवला आणि तसाच धरून बसले. सार्जंटांनी काटा खुपसला तो लाकडात, आणि लाकूड उचलायला लागले.

“सापडलं काही?” नेल्बाबाईंनी विचारलं.

“दिसतच नाही, तर सापडेल काय?” सार्जंट चरफडले. “पण दिलेला शब्द दिला. हरलो मी.”

मास्तरांनी दोन्ही मुठी वर केल्या. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं, पण बोळक्या तोंडाने विजयी भाषण करायला त्यांना लाज वाटत होती. त्यांनी फक्त यानिनाकडे बोट दाखवलं आणि मग जमिनीकडे. इकडे राहायचं.

यानिनाने सुरी खाली ठेवली. “जिल्मार, तू सांगतोस की मी सांगू?”

“तू सांग,” जिल्मार म्हणाला. तो मुलगा भला होता, पण त्याच्या बापाच्या घरात बोलायला शिकायची संधी कुणालाच मिळाली नव्हती.

“बाबा, आम्ही घर घेतलंय. परवाच चावी मिळाली.” तिने फोन त्यांच्यासमोर धरला. “हे बघा.”

फोटोत एक पिवळट भिंतीचं घर होतं, दारात जिल्मार चावी दाखवत उभा, आणि शेजारच्या बेकरीवर निळापांढरा झेंडा, झेंड्यात सूर्य. मास्तरांचे डोळे भरून आले. निळापांढरा आणि सूर्य. आपलाच. पोरांनी पैजेची वाटसुद्धा पाहिली नव्हती, आधीच आपली बाजू निवडली होती. त्यांनी यानिनाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मान डोलावत राहिले.

“काय झालं?” सार्जंट विचारत होते. “काय आहे त्यात? हे का हसतायत?”

मास्तरांनी फोन जवळ घेतला. मग आणखी जवळ. भूगोलाच्या मास्तराने झेंडा पुन्हा एकदा पाहिला. आपल्या झेंड्यात सूर्य वरच्या कोपऱ्यात असतो. या झेंड्यात तो बरोबर मध्यभागी होता.

त्यांनी बोलायचा प्रयत्न केला आणि तोंडातून नुसती हवा आली. मग त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलला, स्वतःच्या हाताने सार्जंटांच्या नाकावर बसवला आणि फोन त्यांच्यासमोर धरला. सार्जंटांनी पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी कवळीचा ग्लास उचलून मास्तरांच्या हातात दिला.

“घाला,” ते म्हणाले. “हे दोघांनी मिळून बोलायला लागणार आहे.”

मास्तरांनी कवळी बसवली आणि दोघं एकदमच म्हणाले, “अर्जेंटिना?”

“रोसारियो,” यानिना म्हणाली. “जिल्मारला तिथल्या शीतगृहात यंत्रांचं काम मिळालंय. मला दवाखान्यात. लग्न झालं की जायचं.”

“अगं, तिथं माणूस दुकानात शिरेपर्यंत एक भाव असतो आणि बाहेर येईपर्यंत दुसरा,” मास्तर ओरडले.

“सगळ्या जगाचं देणं लागतात ते लोक,” सार्जंट म्हणाले. “आणि वर ऐट अशी की जगच त्यांचं देणं लागतं.”

“बरोबर बोललात सार्जंट.”

“तुम्हीही बरोबर बोललात मास्तर.”

दोन वर्षांत हे दोघं पहिल्यांदाच एका मताचे झाले होते, आणि ते ऐकायला कुणाला वेळ नव्हता. इओलांदाबाईंनी तोंडाला रुमाल लावला होता. नेल्बाबाई मुलीकडे बघत होत्या, आणि त्यांना हे आधीच माहीत होतं की काय, हे मास्तरांनी विचारायचं धाडस केलं नाही.

“का पण?” मास्तर म्हणाले. आवाज खाली आला होता. “दोन गल्ल्यांवर घर होतं गं.”

“बाबा, दोन वर्षं दर रविवारी मी इथे बसले. तुम्ही पुराव्यानिशी सांगितलंत की ब्राझील माणसाने राहण्यालायक देश नाही. काकांनी पुराव्यानिशी सांगितलं की उरुग्वे माणसाने राहण्यालायक देश नाही.” यानिनाचा आवाज चढला. इतकी वर्षं गिळलेला राग होता तो. “आम्ही दोघांचंही ऐकलं. मोठ्या माणसांचं ऐकावं म्हणतात. आता अर्जेंटिनाबद्दल तुमच्याकडे काय पुरावे आहेत ते ऐकायला आम्हाला वेळ नाही. तिकडे निदान आम्हाला कुणी विचारणार नाही, तुम्ही कुठल्या फुटपाथवरचे.”

अंगणात निखारे विझत आले होते. मास्तरांनी ओंडक्यावर बसल्याबसल्या सार्जंटांकडे पाहिलं. सार्जंटांनी खाकरून घसा साफ केला.

“यानिना, पोरी, मी जरा जास्तच बोललो असेन,” ते म्हणाले. “उरुग्वे तसा फार चांगला देश आहे. शांत आहे. पेन्शन वेळेवर मिळतं. निवडणूक झाली की हरलेला माणूस जिंकलेल्याला फोन करतो. असं कुठे असतं का? तू इकडेच राहा. दोन गल्ल्या काय, मी चालत येईन रोज.”

“इकडे नको,” मास्तर घाईने म्हणाले. “इकडे महागाई फार. तू पलीकडे राहा. ब्राझीलमध्ये दवाखाना फुकट आहे, मुलांना शाळा आहे, माणसं दिलदार आहेत, गातात, हसतात. आमच्यासारखी तोंडं पाडून बसत नाहीत. आणि एवढा मोठा देश. कुणी वाकडं बघायचं नाही त्याच्याकडे. पाणबुड्या आहेत त्यांच्याकडे.”

“पाणबुड्यांचं काय घेऊन बसलात? इथे समुद्र तरी आहे का?” सार्जंट चिडले. “सुरक्षित असेल तर तुमचा देश. ज्याला शत्रू नाही, त्याला भीती कुणाची?”

“माझा देश मला माहीत आहे सार्जंट, मला शिकवू नका. तुमचाच चांगला आहे.”

“मुळीच नाही. तुमचा.”

“अहो, मी आकडे काढून दाखवतो.”

“काढा. मीही काढतो.”

दोघं उठून उभे राहिले होते, मधे बाथरूमचं दार होतं, आणि दोघांचे आवाज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जात होते. यानिना हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाच कळत नव्हतं. जिल्मारने तिच्या खांद्यावर हात ठेवला. रोसारियोच्या घराचं भाडं भरून झालं होतं, आणि आता त्यात काही बदलणार नव्हतं, हे टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांनाही.

नेल्बाबाईंनी फळ्या गोळा करायला घेतल्या.

“हेच दोन वर्षांपूर्वी बोलला असतात,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “तर पोर हाकेच्या अंतरावर राहिली असती.”

मास्तरांनी डोळे पुसले आणि बायकोकडे रागाने पाहिलं.

“दोन वर्षांपूर्वी,” ते म्हणाले, “ब्राझील एवढा चांगला नव्हता.”